वाफसा कधी येईल? मातीतल्या पाण्याचं मॉडेल, काळ्या रानापासून गोठलेल्या जमिनीपर्यंत

भात कापून झालं, परतीचा पाऊस झोडपून गेला, की येळ्ळूर-वडगावच्या शिवारात एकच प्रश्न असतो: मसूर टाकायला वाफसा, म्हणजे मशागतीला आणि पेरणीला योग्य अशी ओल, कधी येणार? घाईनं कुळव घातला तर ढेकळं दगडासारखी होतात. उशीर केला तर वरची ओल उडून जाते आणि बी तसंच पडून राहतं. मी दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपवर हिशेब मांडून आमच्या आबांना सांगितलं, "आबा, अजून चार दिवस थांबूया." ते म्हणाले, "तुझं मशीन काय म्हणतंय ते ऱ्हाऊ दे. ढेकूळ मुठीत दाबून बघ आधी."

आबांचं ऐकलं आणि मॉडेल सुधारलं. ते कसं उभं करायचं, ते इथं पायरी पायरीनं सांगतो. शेवटी गोठलेल्या मातीकडेही जाणार आहे. बेळगावात जमीन गोठत नाही हे खरं. पण इथल्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रातून बाहेर पडलेला जवान लडाखला जाऊन येतो आणि सांगतो, की हिवाळ्यात टिकाव जमिनीवर आपटला की ठिणगी उडते. त्या जमिनीचं गणित आपल्या वाफशाच्या गणिताहून वेगळं असेल असं मला वाटायचं. तसं ते नाही.

आधी प्रश्न ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी वहीत एक वाक्य लिहा. माझं वाक्य होतं: "५० मिलिमीटर पावसानंतर वरच्या १५ सेंटिमीटर मातीला वाफसा किती दिवसांनी येईल?" तुमचं वाक्य वेगळं असेल. कडोलीकडे रताळ्याला पाणी कधी द्यायचं, अथणीत द्राक्षाच्या ठिबकाचं पाणी मुळाखाली किती निसटतं, जांबोटीच्या तांबड्या जमिनीतून पावसाचा किती भाग विहिरीपर्यंत पोचतो. वाक्य ठरलं की किती खोल जायचं, किती दिवसांचा हिशेब करायचा, कुठल्या थरावर जीव लावायचा, हे आपोआप ठरतं. अख्ख्या शिवाराचं त्रिमितीय मॉडेल करायचा मोह टाळा. एक उभा खांब पुरतो, एक मीटर खोल, जणू जमिनीत रोवलेला पाईप. आडवं वाहणारं पाणी मोठं असेल, म्हणजे उतारावरचं रान किंवा नाल्याकाठ, तरच पुढची उडी मारा.

खड्डा घ्या

एक मीटर खोल खड्डा घेऊन भिंत कुदळीनं साफ करा आणि बसून बघा. कुठं रंग बदलतो, कुठं मुरूम लागतो, मुळं कुठं थांबतात, नांगराच्या तळाखाली घट्ट थर आहे का. भाताच्या रानात चिखलणीमुळे असा थर हमखास असतो. तो फक्त काही सेंटिमीटर जाड असला तरी पाण्याला तोच अडवतो, म्हणून मॉडेलमध्ये त्याला स्वतंत्र थर द्यायचा.

प्रत्येक थरातून १०० घनसेंटिमीटरच्या कड्यानं न दाबलेला नमुना काढा, लगेच वजन करा, मग १०५ अंशाच्या भट्टीत २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. समजा ओली माती १७८ ग्रॅम भरली आणि वाळल्यावर १४० ग्रॅम. पाणी ३८ ग्रॅम, म्हणजे ३८ घनसेंटिमीटर. आकारमानानं ओल ०.३८, स्थूल घनता (कोरडं वजन भागिले आकारमान) १.४०. मातीच्या कणांची घनता २.६५ धरली तर पोकळी ०.४७. म्हणजे पोकळीतल्या दर पाच भागांपैकी सुमारे चार भाग पाणी आणि एक भाग हवा. वजनानं काढलेली ओल आणि आकारमानानं काढलेली ओल यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. प्रयोगशाळेच्या कागदावर टक्के लिहिलेले असतील तर कशाचे टक्के, हे विचारूनच घ्या. आपल्याकडं तो कागद बहुधा कन्नडमध्ये असतो, तेव्हा शेजाऱ्याला सोबत न्या.

काळ्या मातीत आणखी एक गोम आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे स्थूल घनता एक आकडा नसतोच. ओल्या दिवसातला आणि सुक्या दिवसातला, असे दोन नमुने घ्या.

सगळं गणित ज्या वक्रावर उभं आहे

माती पाणी धरून ठेवते ती ओढीनं. मोठ्या पोकळीतलं पाणी गुरुत्वाकर्षणानं निघून जातं, बारीक पोकळीतलं मातीला चिकटून राहतं. ही ओढ पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात. साधारण ३३० सेंटिमीटर ओढीला शेताची जलधारणक्षमता म्हणायचं आणि १५,००० सेंटिमीटरला पीक कोमेजतं, असा प्रघात आहे. ओल आणि ओढ यांचा संबंध दाखवणारी रेष म्हणजे ओल-ओढ वक्र. तो चुकला तर पुढचं काहीही बरोबर येत नाही.

वक्राचं सर्वांत वापरातलं सूत्र व्हॅन गेनुख्टेन यांनी १९८० साली दिलं. त्यात अल्फा आणि 'एन' हे त्या त्या मातीचे आकडे असतात. स्प्रेडशीटमध्ये ते असं बसतं: अल्फाला ओढीनं गुणा, गुणाकाराला 'एन' हा घात द्या, त्यात १ मिळवा, आलेल्या आकड्याला उणे 'एम' हा घात द्या. 'एम' म्हणजे १ वजा १ भागिले 'एन'. उत्तर शून्य ते एक यांच्यामध्ये येतं, त्याला भरणांक म्हणूया. संपृक्त ओल म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भरल्यावरची, शेष ओल म्हणजे कितीही सुकली तरी उरणारी. भरणांकाला (संपृक्त ओल वजा शेष ओल) यानं गुणून शेष ओल मिळवली की खरी ओल मिळते.

आकडे कुठून आणायचे? कार्सेल आणि पॅरिश यांचा १९८८ चा तक्ता जगभर वापरतात. पोयट्याला तो शेष ओल ०.०७८, संपृक्त ओल ०.४३, अल्फा ०.०३६, एन १.५६ आणि संपृक्त वहनक्षमता (पूर्ण भरलेल्या मातीतून पाणी किती वेगानं वाहतं) दिवसाला २४.९६ सेंटिमीटर देतो. चिकणमातीला ०.०६८, ०.३८, ०.००८, १.०९ आणि ४.८. हे आकडे भरून बघा: चिकणमातीत ३३० सेंटिमीटर ओढीला ओल ०.३४७ आणि १५,००० ला ०.२७१ येते. फरक ०.०७६, म्हणजे मीटरभर मातीत पिकाला ७६ मिलिमीटर पाणी.

इथं मी अडखळलो. पोयट्याचा फरकही ७७ मिलिमीटर येतो. म्हणजे तक्त्याच्या मते येळ्ळूरची काळी जमीन आणि पोयट्याचं रान पिकाला सारखंच पाणी देतात! पावसाविना हरभरा काढणारा कुठलाही शेतकरी यावर हसेल. खोल काळ्या जमिनीत मीटरमागं दीडशे-दोनशे मिलिमीटर उपलब्ध ओल सहज असते. तक्ता अमेरिकेतल्या मातींवरून केलेला आहे, त्यातली 'चिकणमाती' म्हणजे आपलं काळं रान नव्हे. म्हणून तक्ता फक्त सुरुवातीला घ्या. वाळू, गाळ, चिकण यांचं प्रमाण आणि स्थूल घनता माहीत असेल तर रोझेटा या साधनातून थोडे बरे आकडे मिळतात. त्याहून चांगलं म्हणजे वक्राचे दोन-तीन बिंदू स्वतः मोजणं. प्रेशर प्लेट (ठरावीक ओढीला ओल मोजायचं यंत्र) असलेली प्रयोगशाळा मिळाली तर ३३० आणि १५,००० या दोन ओढींची ओल करून घ्या आणि अल्फा, एन त्यावर बसवा. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकाच्या प्रदेशासाठीचं केंद्र बेळगावातच आहे, धारवाडचं कृषी विद्यापीठही लांब नाही. विचारायला लाजू नका.

वहनक्षमता: इथं अंदाज फसतो

माती अर्धी सुकली की पाणी अर्ध्या वेगानं वाहील, असं मनाला वाटतं. हिशेब करून बघू. म्युआलेम यांच्या १९७६ च्या सूत्रानं वहनक्षमता त्याच वक्रातून निघते. पोयट्यात ओल ०.४३ वरून ०.१६५ वर आली, म्हणजे सुमारे अडीच पट घटली, तेव्हा वहनक्षमता दिवसाला २४.९६ सेंटिमीटरवरून ०.०००७ सेंटिमीटरवर येते. छत्तीस हजार पट घट! मोठ्या पोकळ्या रिकाम्या झाल्या की पाण्याला वाटच उरत नाही, ते कणांभोवतीच्या पातळ थरांतून सरपटतं. पावसानंतर पहिल्या दोन दिवसांत बराच निचरा होतो आणि मग जमीन जणू पाणी धरून बसते, ते यामुळं. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' या म्हणीतही हेच आहे. कोळप्यानं मोकळा केलेला वरचा थर पटकन सुकतो, त्याची वहनक्षमता कोसळते आणि खालच्या ओलीवर झाकण बसतं.

एक सावधगिरी. 'एन' १ च्या जवळ असला, जसा चिकणमातीचा १.०९, तर सूत्रातली वहनक्षमता संपृक्ततेच्या अगदी शेजारीच कोसळते आणि मॉडेल अडून बसतं. हायड्रस-वनडी या मातीतल्या पाण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये यासाठी दोन सेंटिमीटरची हवा-प्रवेश ओढ (तेवढ्या ओढीपर्यंत मातीत हवा शिरत नाही असं मानणं) धरण्याचा पर्याय आहे. काळ्या मातीला तो निवडा.

खांब मांडा

लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ साली मांडलेलं समीकरण दिसायला भीतीदायक असलं तरी आतून किराणा दुकानाची वही आहे: आलं वजा गेलं म्हणजे शिल्लक. एक मीटरचा खांब ५ सेंटिमीटरच्या २० कप्प्यांत कापा. दोन कप्प्यांमधला प्रवाह म्हणजे वहनक्षमता गुणिले (खालची ओढ वजा वरची ओढ, भागिले ५, अधिक १). तो 'अधिक १' म्हणजे गुरुत्वाकर्षण. पहिल्यांदा मी तिथं वजा लिहिलं आणि रात्रभर माझ्या रानातलं पाणी आकाशाकडं चढत राहिलं. खाली वाहणारं पाणी धन, हे ठरवून सगळीकडं तेच पाळा.

मग प्रत्येक कप्प्याची नवी ओल म्हणजे जुनी ओल अधिक (आलेला प्रवाह वजा गेलेला प्रवाह) गुणिले वेळ भागिले ५. मुळं पाणी घेत असतील तर तेही वजा. नव्या ओलीवरून वक्र उलटा वाचून नवी ओढ काढा आणि पुढच्या क्षणाकडं जा. एखादा कप्पा भरून वाहिला तर जादा पाणी वरच्या कप्प्यात ढकला, सगळ्यात वरून निघालं तर ते रानातून वाहून गेलं.

वेळेचं पाऊल एक मिनिटापासून सुरू करा. पंधरा मिनिटं घेतली तर ओल्या मातीत आकडे उड्या मारू लागतात. दहा दिवसांचे १४,४०० ओळी होतात. स्प्रेडशीट तेवढं सहन करते, पायथॉन येत असेल तर उत्तमच. शेजारच्या दोन कप्प्यांच्या वहनक्षमतेची साधी सरासरी घ्या. भूमितीय सरासरी घेतली तर सुक्या मातीवर पडलेलं पाणी वरच अडकतं, कारण सुक्या कप्प्याचा जवळजवळ शून्य असलेला आकडा सगळ्यांना खाली ओढतो.

हे हातानं एकदा तरी करा, मग खुशाल हायड्रसवर जा. आत काय चाललंय हे कळलेलं असलं की प्रोग्रॅमच्या खिडक्या घाबरवत नाहीत.

वरची कड, खालची कड

दोन तासांत ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ताशी २५ मिलिमीटर. चिकणमातीची संपृक्त वहनक्षमता ताशी फक्त २ मिलिमीटर. सुरुवातीला कोरडी माती जास्त पिते, पण लवकरच पाणी साचतं. म्हणून वरची कड दोन तऱ्हेनं वागायला हवी: माती पिते तोवर पाऊस आत, पिईनाशी झाली की पृष्ठभाग संपृक्त धरून उरलेलं वाहून जाऊ द्या. दिवसाची बेरीज एका आकड्यात भरली तर हा फरक पुसला जातो आणि सगळा पाऊस मुरला असं खोटं चित्र दिसतं. पावसाचा आकडा तासाचा हवा. कर्नाटकच्या राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचं पर्जन्यमापकांचं जाळं ग्रामपंचायतींपर्यंत पोचलेलं आहे, तिथून सुरुवात करा. बाष्पीभवनासाठी १९९८ ची एफएओ-५६ पद्धत पुरेशी आहे.

खालच्या कडेला जांबोटी-कणकुंबीकडच्या खोल जांभ्या मातीत 'मुक्त निचरा', म्हणजे पाणी आपल्या वजनानं तळातून निघून जातं असं धरणं, चालतो. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या रानात तो धरलात तर फसाल. तिथं पावसाळ्यात पाण्याची पातळी हाताच्या अंतरावर असते, पाणी खालून वर येतं, रानं चिबडतात. तिथं जवळच्या विहिरीची पातळी आठवड्याला मोजून तीच खालची कड द्या.

जुळवणी आणि आबांची मूठ

रोज संध्याकाळी बेरीज करा: खांबातल्या पाण्यातला फरक बरोबर पाऊस वजा वाहून गेलेलं, वजा उडालेलं, वजा निचरलेलं. चूक एक टक्क्याच्या वर गेली तर वेळेचं पाऊल बारीक करा. सेलिया आणि सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवलं, की समीकरण नुसत्या ओढीत सोडवलं तर पाणी हिशेबातून गळतं. आपण कप्प्यांचा हिशेब ओलीत ठेवला, म्हणून ही गळती इथं होत नाही.

मोजमापाला टेन्शिओमीटर (मातीची ओढ मोजायचं उपकरण) स्वस्त आणि प्रामाणिक. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यानं इथं हवेचा दाबच कमी, तेव्हा ७५ किलोपास्कलच्या (सुमारे ७६५ सेंटिमीटर ओढीच्या) पुढं त्याच्यावर विसंबू नका. त्याहून कोरड्या मातीला जिप्सम ब्लॉक, म्हणजे मातीत पुरून ओल मोजायचा ठोकळा.

आणि वाफसा? त्याला पुस्तकी आकडा शोधू नका. ज्या सकाळी आबांनी ढेकूळ दाबलं, ते चिकटलं नाही आणि बोटांत मोकळं फुटलं, त्या सकाळी मी वरच्या १५ सेंटिमीटरचा नमुना घेऊन वक्रावरून ओढ वाचली. तीन वेगवेगळ्या वर्षी हे केलं की तुमच्या रानाचा वाफशाचा आकडा हाती येतो. मॉडेलला एवढंच विचारायचं: वरचा थर त्या ओढीला कधी पोचेल?

भेगा

जूनच्या पहिल्या पावसात काळ्या रानात वरचं सगळं समीकरण कोलमडतं. पाणी मातीतून मुरत नाही, हात जाईल एवढ्या भेगांतून थेट खाली पडतं. वरून कोरडं, खाली ओलं! दोन समांतर खांबांचं गणित यासाठी गेर्के आणि व्हॅन गेनुख्टेन यांनी १९९३ साली दिलं, पण त्याचे आकडे मोजणं अवघड. माझी गावठी युक्ती अशी: भेगा मिटेपर्यंतच्या पावसाचा ठरावीक वाटा वरच्या कप्प्यांना वगळून थेट ४० ते ६० सेंटिमीटरच्या कप्प्यांत टाकायचा आणि तो वाटा जिप्सम ब्लॉकच्या नोंदींवरून बसवायचा. ऑक्टोबरच्या प्रश्नाला याची गरज पडत नाही, भेगा तेव्हा मिटलेल्या असतात.

गोठलेली माती: त्याच वक्राचं दुसरं वाचन

माती गोठते तेव्हा सगळं पाणी एकदम बर्फ होत नाही. मोठ्या पोकळीतलं आधी गोठतं, बारीक पोकळीतलं खूप उशिरा. हाच क्रम वाळण्याचाही आहे. कूपमन्स आणि मिलर यांनी १९६६ साली मातीचा वाळण्याचा आणि गोठण्याचा वक्र एकमेकांशी ताडून दाखवला. म्हणजे वक्र पुन्हा मोजायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, तापमानाचं ओढीत रूपांतर केलं की झालं.

ते रूपांतर सोपं आहे. बर्फ वितळायला लागणारी उष्णता किलोमागं ३३४ किलोज्यूल, म्हणजे ३,३४,००० ज्यूल. तिला ९.८१ (गुरुत्वाकर्षण) आणि २७३ (शून्य अंश, केल्व्हिनमध्ये) यांनी भागा. शून्याखालच्या दर अंशाला सुमारे १२५ मीटर ओढ मिळते, म्हणजे १२,५०० सेंटिमीटर. पीक कोमेजण्याची १५,००० सेंटिमीटर ओढ उणे १.२ अंशाला येते! वरच्याच तक्त्यातले आकडे घालून बघा: उणे १ अंशाला पोयट्यात द्रव पाणी ०.०९ उरतं, चिकणमातीत ०.२७. चिकणमाती गोठूनही आतून ओली असते.

मॉडेलमध्ये तीन गोष्टी वाढवायच्या. पहिली, प्रत्येक कप्प्यात पाण्याबरोबर बर्फाचा रकाना. बर्फाची घनता ०.९१७ असल्यानं बेरीज आकारमानात न करता वजनात करा. दुसरी, उष्णतेचा हिशेब: कप्प्यात आलेली उष्णता वजा गेलेली, आणि गोठताना सुटणारी ३३४ किलोज्यूल. ही सुटणारी उष्णता एवढी मोठी असते की कप्प्याचं तापमान शून्याच्या किंचित खाली कितीतरी दिवस रेंगाळतं. तिथं वेळेचं पाऊल मोठं ठेवलं तर मॉडेल एका उडीत शून्य ओलांडून जातं आणि उष्णता हरवते. हायड्रस-वनडीत हे गणित हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली बसवलं. स्वीडनचं कूपमॉडेल आणि अमेरिकेच्या कृषी खात्याचं 'शॉ' हेही याच कामाचे. तिसरी, बर्फानं अडवलेली वाट. काही मॉडेलं वहनक्षमतेला बर्फाच्या प्रमाणानुसार आणखी दहाच्या घातांनी कमी करतात. मी आधी हा गुणक न लावता चालवतो, कारण द्रव पाणी घटल्यानं वक्रातूनच वहनक्षमता पडलेली असते आणि तीच घट दोनदा मोजली जाण्याचा धोका असतो.

गोठलेल्या थराची ओढ प्रचंड असल्यानं खालचं पाणी वर खेचलं जातं आणि बर्फाचे थर जाड होत जमीन उचलली जाते. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं म्हणून जमीन फुगते, हा समज टेबर यांनी १९२९-३० च्या सुमारास मोडला. त्यांनी पाण्याऐवजी बेंझिन वापरलं, जे गोठताना आकसतं, तरीही माती उचलली गेली.

हातानं ताळा करायचा तर गोठण्याची खोली अशी काढा: २ गुणिले उष्णतावाहकता गुणिले शून्याखालचे अंश गुणिले सेकंद, भागिले घनमीटर मातीतल्या पाण्याची गोठण्याची उष्णता, आणि वर्गमूळ. पृष्ठभाग महिनाभर उणे ५ अंशाला, ओल ०.३५, वाहकता १.८ धरली तर सुमारे ६३ सेंटिमीटर. ओल ०.१० असलेली कोरडी माती, वाहकता १.० धरली तर ८८ सेंटिमीटर. लडाखसारख्या कोरड्या जमिनीत थंडी जास्त खोल उतरते, कारण वाटेत गोठवायला पाणीच कमी असतं.

बेळगावात हे कामाचं कुठं? उणे २० अंशाच्या शीतगृहाच्या फरशीखाली. थर्माकोलसारखं इन्सुलेशन थंडी फक्त उशिरा पोचवतं, थांबवत नाही. काही वर्षांत खालची माती गोठते, आजूबाजूचं पाणी ओढते आणि फरशी वर उचलते. म्हणून अशा फरशीखाली हीटरच्या वायरी किंवा हवेचे पाईप घालतात. खालची माती चिकण असेल, पाणी उथळ असेल, तर बांधकामाआधी हा खांब मॉडेलमध्ये पाच वर्षं चालवून बघा.

मॉडेलवर विश्वास बसत नसेल तर घरच्या डीप फ्रीजरमध्ये तपासा. स्टीलच्या डब्यात वाफशावरची पोयट्याची माती एकसारखी भरा, बाजूनं आणि खालून थर्माकोल गुंडाळा, वरून उघडा ठेवा म्हणजे थंडी वरूनच उतरेल. वरचा अर्धा भाग कडक होताच बाहेर काढा, तीन-तीन सेंटिमीटरचे काप करा आणि प्रत्येकाची ओल भट्टीत काढा. वरच्या कापांत सुरुवातीपेक्षा जास्त पाणी सापडेल, गोठलेल्या रेषेच्या लगेच खाली कमी. हेच आकडे मॉडेलला जुळवायचे आहेत. फ्रीजरमधले मटार आधी बाहेर काढून ठेवा, नाहीतर घरात वेगळाच वाद होतो.